राजाचं पहिलं वर्ष कोणतं?



उदगीरची लढाई झाली ३ फेब्रुवारी १७६० रोजी. सदाशिवरावभाऊंनी निजामाला नमवलं, आणि वर्ष उलटायच्या आत पानिपत घडलं. ही एकच लढाई जुन्या सनांत मांडून बघा. पंचांगात ते शके १६८१ आहे. पेशवे दफ्तरातल्या सुहूर सनात ११६०, फसलीत ११६९, हिजरीत ११७३. तरी उदगीरला चार लढाया झाल्या असं कुणी म्हणत नाही. आपल्याला ठाऊक असतं, आकडा वेगळा दिसला तर आधी सन कोणता ते विचारायचं.

बायबलमधल्या राजांच्या वाट्याला मात्र हा सुज्ञपणा फार उशिरा आला. शलमोनानंतर इस्राएलांची दोन राज्यं झाली. उत्तरेचं इस्राएल, राजधानी पुढे शोमरोन. दक्षिणेचं यहूदा, राजधानी यरुशलेम. आपल्या शकासारखा सलग चालणारा सन त्यांच्याकडे नव्हता. मग ‘राजे’ या ग्रंथाचा लेखक एका राज्याची घटना शेजारच्या राजाच्या वर्षावरून सांगतो. अमका गादीवर बसला तेव्हा तमक्याचं इतकावं वर्ष चालू होतं, अशी ही रीत. दोन्हीकडच्या बेरजा मांडायला बसलं की जुळत नाहीत. एक उदाहरण तर अगदी लागून आहे. दुसरे राजे, अध्याय आठ : यहूदाचा अहज्या गादीवर आला तो इस्राएलच्या योरामाच्या बाराव्या वर्षी. अध्याय नऊ : तोच अहज्या, तोच योराम, पण वर्ष अकरावं. टीकाकार हसले, भाविक अवघडले.

याची उकल आपल्या घरात रोज होते. नात किती वर्षांची, विचारा. आजी म्हणते, आठवं लागलं. शाळेच्या दाखल्यावर सात. खोटं कुणीच बोलत नाही; आजी चालू वर्ष धरते, शाळा पुरं झालेलं. राजांचंही तसंच. जुना राजा मधेच वारला आणि नवा बसला, तर वर्षाचे उरलेले महिने कुणाचे? एका रीतीत ते नव्या राजाचं पहिलं वर्ष. दुसऱ्या रीतीत ते नुसतं राज्यारोहणाचं वर्ष, आणि पहिलं वर्ष पुढच्या नववर्षदिनापासून. पहिल्या रीतीनं योरामाचं जे बारावं, ते दुसरीनं अकरावं. ग्रंथकारासमोर दोन बखरी होत्या आणि त्यानं दोन्हींतला आकडा प्रामाणिकपणे उतरवला, असं मला वाटतं. जुळवाजुळव करून एक आकडा पुसून टाकणं त्याला सहज शक्य होतं.

याला बाहेरचा पुरावाही आहे. अश्शूरचा राजा तिसरा शल्मनेसर याच्या शिलालेखात इस. पूर्व ८५३ मधल्या कर्कारच्या लढाईत त्याच्याविरुद्ध उभ्या राहिलेल्यांमध्ये इस्राएलचा अहाब आहे. त्याच शल्मनेसराला ८४१ मध्ये इस्राएलचा पुढचा राजा येहू यानं खंडणी दिली. अंतर बारा वर्षांचं. या दोघांच्या मधे बायबल दोन राजे सांगतं : अहाबाचा मुलगा अहज्या (यहूदाचा अहज्या निराळा), दोन वर्षं, आणि योराम, बारा वर्षं. बेरीज चौदा, दोन वर्षं जास्त. आता उत्तरेत अर्धंमुर्धं वर्षही पुरं धरत असत असं माना. प्रत्येक राजामागे एक वर्ष दोनदा मोजलं गेलं. ते वजा केलं की एक आणि अकरा, म्हणजे बारा. अमेरिकी अभ्यासक एडविन थीली यांनी १९५१ च्या आपल्या पुस्तकात ही रीत राजामागून राजाला लावून दाखवली.

अश्शूरची ही वर्षं तरी पक्की कशावरून? त्यांच्या वर्षनामांच्या यादीत एका सूर्यग्रहणाची नोंद आहे आणि ते ग्रहण इस. पूर्व १५ जून ७६३ चं ठरलं आहे. लातूरकरांना ही पद्धत परकी वाटू नये. राष्ट्रकूट सम्राट अमोघवर्ष स्वतःला लट्टलूरपुराचा, म्हणजे आपल्या लातूरचा स्वामी म्हणवत असे. कर्नाटकातल्या शिरूरच्या त्याच्या शिलालेखात शके ७८८, राज्याचं बावन्नावं वर्ष आणि सूर्यग्रहण असं तिन्ही एकत्र दिलेलं आहे. ग्रहणावरून तो दिवस जून ८६६ मधला ठरतो. पण ८६६ मधून बावन्न वजा करायचे की एक्कावन्न, हा प्रश्न इथंही उरतोच.

दुसरी भानगड वर्षारंभाची. फसली सन घ्या. मृगाच्या सुमाराला, जूनमध्ये तो बदलायचा, ही पेशवाईतली आणि पुढे मुंबई इलाख्यातली चाल. निजामाच्या राज्यात मात्र तो ऑक्टोबरात, आजूर महिन्याच्या पहिल्या तारखेला बदले. म्हणून १७ सप्टेंबर १९४८, आपला मराठवाडा मुक्तिसंग्रामाचा दिवस, निजामी हिशेबानं फसली १३५७ मध्ये पडतो आणि मृगाच्या हिशेबानं १३५८ मध्ये. सनाचं नाव एकच, दिवस एकच.

इस्राएलांकडेही वर्षाची अशी दोन तोंडं होती : वसंतातला निसान आणि शरदातला तिश्री. कोकणातल्या बेने इस्रायल मंडळींचा ‘नव्याचा सण’ तिश्रीतलाच आहे. यहूदाच्या योशीया राजाची गोष्ट पाहा. त्याच्या अठराव्या वर्षी मंदिराची डागडुजी निघाली, नियमशास्त्राचा ग्रंथ सापडला, देशभरच्या मूर्ती मोडल्या आणि त्याच अठराव्या वर्षी वल्हांडण सण झाला. वल्हांडण निसानच्या चौदाव्या दिवशी. वर्ष निसानला सुरू होत असेल तर एवढी सगळी उलथापालथ तेरा दिवसांत उरकली म्हणावं लागेल! तिश्रीपासून मोजलं की सहा महिने हाती येतात आणि गोष्ट माणसांची वाटू लागते. म्हणून यहूदात राज्यवर्षं तिश्रीपासून मोजत, असा थीलींचा निष्कर्ष.

आता दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, कारण किल्ली सापडली की माणूस ती प्रत्येक कुलपाला लावून बघतो. शोमरोन पडलं ते यहूदाच्या हिज्कीयाच्या सहाव्या वर्षी आणि अश्शूरचा राजा सन्हेरीब चालून आला तो चौदाव्या वर्षी, असं तेच पुस्तक सांगतं. अंतर आठ वर्षांचं. प्रत्यक्षात शोमरोन पडलं इस. पूर्व ७२२ च्या सुमारास आणि सन्हेरीबाची स्वारी ७०१ ची. म्हणजे अंतर एकवीस वर्षांचं; आठ आणि एकवीस यांमधली तेरा वर्षांची दरी चालू-पुऱ्या वर्षांच्या फरकानं भरत नाही. खुद्द थीलींनी इथं मूळ नोंदीच चुकीच्या ठरवल्या; पुढच्या काहींनी हिज्कीया आधी बापाबरोबर राज्य करत होता असं सुचवलं. मला दोन्ही उत्तरं ओढूनताणून आणलेली वाटतात.

इस्राएलांनी मिसर सोडल्यापासून शलमोनाच्या चौथ्या वर्षापर्यंतची ४८० वर्षं ही तर आणखी निराळी जात. राजांच्या आधीच्या शास्त्यांच्या काळातले आकडे एकापुढे एक मांडून बाकीचे मिळवले तर बेरीज पाचशेच्या वर जाते. हिब्रू पाठात ४८० असलेला हा आकडा जुन्या ग्रीक भाषांतरात ४४० आहे. बारा गुणिले चाळीस बरोबर ४८०, आणि चाळीस म्हणजे एक पिढी, हा त्या ग्रंथाचा आवडता आकडा. माझ्या मते ही पिढ्यांची मोजणी आहे. तिच्यात तारीख शोधू नये, आणि ती तारीख नाही म्हणून ग्रंथाला खोटंही ठरवू नये.

जाता जाता एक कामाची गोष्ट. हल्ली नांदेड-लातूरकडे अनेक घरांतून निजामकाळातले जमिनीचे कागद बाहेर निघत आहेत. त्यांवरच्या फसलीत नुसते ५९० मिळवून मोकळं होऊ नका. आधी महिना वाचा. ऑक्टोबर ते डिसेंबर या काळातला कागद असेल तर ५९० मिळवा, जानेवारीपासून पुढचा असेल तर ५९१. आणि नक्कल करून घ्याल तेव्हा मूळ फसली सन आणि महिना जसाच्या तसा उतरवून घ्या. इसवी सन त्याच्या शेजारी लिहा, त्याच्या जागी नको.