घोरतोय म्हणजे झोपलाय, असं नाही

(दीपनगर येथे महिला बचत गटांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



मला बोलावताना तुमच्या ताईंनी विषय दिला होता ‘व्यसनमुक्ती’. मी त्यांना म्हटलं, व्यसनमुक्तीवरची भाषणं या बायकांनी पुष्कळ ऐकली आहेत. दारूचे गुत्ते बंद पाडायला तुमच्यातल्या कितीतरी जणी माझं शिक्षण चालू होतं तेव्हाच जाऊन आल्या. व्यसन सोडवणं हे महिन्यांचं, वर्षांचं काम आहे. आज मला फक्त एका रात्रीबद्दल बोलायचंय. पोरगं नशेच्या गोळ्या जास्त खाऊन घरी येतं, ती रात्र. ती निभावली तरच पुढे व्यसनमुक्ती वगैरे.

दोन वर्षांपूर्वी एका बाईकडे भेटीला गेले होते. गाव सांगत नाही, इथून फार लांब नाही. तिने स्वतःच सांगितलं, ‘नाव न घेता सांगा बायकांना.’ मुलगा एकोणीस वर्षांचा. ठेकेदाराकडे कामाला, कधी दिवसपाळी, कधी रातपाळी. त्या दिवशी रात्री दहाला आला, जेवला नाही, आडवा झाला. आईला वाटलं, प्यायलाय. बाराच्या सुमाराला तो मोठ्याने घोरायला लागला. नेहमीसारखं घोरणं नव्हतं. घशात पाणी अडकल्यासारखा आवाज होता. तिने नवऱ्याला उठवलं. तो म्हणाला, ‘सकाळपर्यंत उतरेल, झोप तू.’ ती जागीच राहिली. तीनच्या पुढे घोरणं थांबलं. तिला बरं वाटलं, चला, आता शांत झोपला. पहाटेचा गारवा होता म्हणून तिने त्याच्या अंगावर चादर घातली. साडेपाचला नळाला पाणी आलं तेव्हा त्याला उठवायला गेली, तर अंग गार पडलेलं. खिशात गोळ्यांची रिकामी पाकिटं, पिशवीत खोकल्याच्या औषधाची बाटली.

ती मला म्हणाली, ‘ताई, मी चादर घातली तेव्हा तो गेलेला होता, का जात होता?’

माझ्याजवळ उत्तर नव्हतं. पण दवाखान्यात का नेलं नाही, हे मी विचारायच्या आधी तिनेच सांगितलं. रविवारी मोठ्या मुलीला बघायला पाहुणे येणार होते. रात्री रिक्षा बोलवायची म्हणजे सगळी गल्ली जागी होणार, दवाखान्यात पोलीस येणार, पाहुण्यांपर्यंत बातमी जाणार. आणि सुतकाच्या घरात जमलेली माणसं काय म्हणत होती? आईचं लक्ष नव्हतं. ‘उतरेल’ म्हणणाऱ्या बापाला कोणी एका शब्दाने विचारलं नाही. रात्रभर जागी होती तिचंच लक्ष नव्हतं!

आता या गोळ्यांबद्दल. आपल्या खानदेशात, धुळ्याकडे आणि शेजारच्या मालेगावात, तिला ‘कुत्ता गोळी’ म्हणतात. खाणारा पिसाळल्यासारखा वागतो म्हणून हे नाव, असं लोक सांगतात. प्रत्यक्षात ती अल्प्राझोलम नावाची झोपेची, चिंता कमी करण्याची गोळी आहे. औषध म्हणून चांगलंच औषध आहे. डॉक्टर अर्धी किंवा एक देतात, पोरं दहा-दहा खातात. तिच्या जोडीला कोडीन घातलेलं खोकल्याचं औषध, नाहीतर ट्रामाडॉल नावाची दुखण्यावरची गोळी. मग वरून दारू.

नुसत्या अल्प्राझोलमने माणूस सहसा मरत नाही, म्हणून पोरांना वाटतं की आपल्याला काही होत नाही. पण झोपेची गोळी, कोडीन आणि दारू हे तिन्ही मेंदूतल्या एकाच कामावर घाला घालतात. श्वास घेण्याचं काम. आपण झोपेत श्वास घेतो तो मेंदू हुकूम देत राहतो म्हणून. हे तिन्ही एकत्र आले की तो हुकूम मंदावतो. जीभ मागे पडते, घसा सैल होतो, हवा कशीबशी जाते. त्याचा तो आवाज. आपण त्याला घोरणं म्हणतो. आणि घोरणं थांबतं तेव्हा कधीकधी श्वासच थांबलेला असतो.

एम.डी.चं, म्हणजे मेफेड्रोन नावाच्या पावडरचं, उलटं आहे. ती झोपवत नाही, पेटवते. छाती धडधडते, अंग भट्टीसारखं तापतं, माणूस बडबडतो, संशय घेतो, झटके येतात. तिच्यावर उतारा म्हणून देता येईल असं एकही औषध नाही. दवाखान्यात ताप, रक्तदाब, झटके सांभाळतात, आणि तेवढ्यानेही जीव वाचतो. पण दवाखान्यात पोचलं तर.

एक गोष्ट बोलायला मला जड जातं. झोपेची ही गोळी आपल्या घरात पोरांच्या आधी आली, ती आपल्यासाठी. बाई दवाखान्यात जाते, म्हणते झोप येत नाही, छातीत धडधडतं, रडू येतं. घरात काय चाललंय हे विचारायला डॉक्टरला वेळ नसतो. पंधरा दिवसांची गोळी लिहून मिळते, आणि बाई ती पंधरा वर्षं खाते. माझ्या स्वतःच्या घरातल्या एका वडीलधाऱ्या बाईंच्या उशाखाली मी ही पाकिटं पाहिली आहेत. एकोणीस वर्षांच्या त्या मुलानेही पहिली गोळी आजीच्या डब्यातून घेतली होती, त्याच्या मित्राने नंतर सांगितलं. एम्सने २०१९ मध्ये देशभराची पाहणी प्रसिद्ध केली, तिच्यात डॉक्टरी सल्ल्याशिवाय झोपेची, गुंगीची औषधं घेणारे सुमारे १ कोटी १८ लाख लोक निघाले. तेव्हा घरी गेल्यावर आधी आपला डबा बघा. पण घरातल्या म्हाताऱ्या बाईची गोळी एकदम काढून घेऊ नका. ते का, ते पुढे सांगते.

तर ती रात्र. पोरगं पडलंय. हाक मारा. खांदा जोरात हलवा, बोटाने छातीचं मधलं हाड रगडा. डोळे उघडून बोललं तर ठीक, पण एकटं सोडू नका. उठतच नसेल, श्वास फार सावकाश असेल, एका मिनिटात दहासुद्धा होत नसतील, ओठ आणि नखं निळसर दिसत असतील, घशात घरघर असेल, तर ती झोप नाही. १०८ ला फोन करा. गाडी येईपर्यंत त्याला कुशीवर वळवा, तोंड जरा खालच्या बाजूला, म्हणजे उलटी झाली तरी घशात अडकणार नाही. उताणं ठेवू नका. श्वास बंदच झाला असेल तर तोंडाने श्वास देणं आणि छाती दाबणं लागतं. ते भाषणात शिकता येत नाही. प्राथमिक आरोग्य केंद्राच्या परिचारिकाबाईंना बोलावून एकदा सतरंजीवर करून बघू.

लिंबूपाणी, ताक, मिठाचं पाणी काही पाजू नका. बेशुद्ध माणसाला पाजलेलं छातीत जातं. बोटं घालून उलटी काढू नका. बादलीभर पाणी ओतणं, थोबाडीत मारणं, दोघांनी धरून अंगणात फिरवणं, यात वेळ जातो, दुसरं काही होत नाही. झटके आले तर चप्पल हुंगवू नका, दातात चमचा घालू नका.

आणि खिशातली पाकिटं, बाटली, जे सापडेल ते घेऊन दवाखान्यात जा. तिथे खरं सांगा. मी हे आग्रहाने सांगते, कारण मी एका दवाखान्यात एका वडिलांना ‘काही तरी बाहेरचं खाल्लं, पोट बिघडलं’ असं सांगताना पाहिलंय. डॉक्टर पोटाचा इलाज करत बसले. कोडीन, ट्रामाडॉल यांच्यावर नॅलोक्सोन नावाचं इंजेक्शन आहे, मिनिटांत श्वास परत येऊ शकतो. अल्प्राझोलमवर ते चालत नाही. म्हणजे काय खाल्लं हे कळणं हाच अर्धा इलाज आहे.

पोलिसांची भीती खोटी नाही. दवाखाना नोंद करतो, पोलीस विचारायला येऊ शकतात. पण ‘आधी पोलिसांचा कागद आणा, मग हात लावू’ असं कोणत्याही डॉक्टरला म्हणता येत नाही, सरकारी असो की खासगी. परमानंद कटारा यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्येच हे सांगितलंय: जीव वाचवणं आधी. अंमली पदार्थांच्या कायद्यात ६४-अ हे कलम आहे. फक्त सेवनाचा किंवा अगदी थोड्या मालाचा आरोप असलेला व्यसनी माणूस आपणहून मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार घ्यायला गेला, तर त्याला खटल्यापासून संरक्षण मिळू शकतं. विकणाऱ्याला ते नाही. आणि एखादीने जीव द्यायलाच गोळ्या खाल्ल्या असतील (आपल्याकडे अशा सुना आणि मुली कमी नाहीत, ‘चुकून जास्त खाल्ल्या’ म्हणून आपण त्यांना झाकतो), तर २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने ती ताणाखाली होती असंच धरलं जातं, गुन्हेगार म्हणून नाही. तिलाही तितक्याच तातडीने न्या.

आता माझी चूक सांगते. एम.एस.डब्ल्यू. करून नुकतीच कामाला लागले होते. एक आई आली, म्हणाली पोरगं रोज गोळ्या खातं. मी मोठ्या आत्मविश्वासाने सांगितलं, ‘खोलीत ठेवा, गोळी हाताला लागू देऊ नका, आठ दिवस त्रास होईल, मग सुटेल.’ तिसऱ्या दिवशी त्याला एकामागून एक फेफरं आलं. वाचला, पण माझ्यामुळे नाही. शेजारच्या रिक्षावाल्यामुळे. दारू आणि या झोपेच्या गोळ्या फार दिवस खाऊन एकदम तोडल्या तर झटके येऊन माणूस मरू शकतो. डॉक्टरच्या देखरेखीखाली हळूहळू कमी कराव्या लागतात. घरातल्या म्हाताऱ्या बाईचं सांगितलं ते याचसाठी. माझ्या पदवीच्या अभ्यासात समाजरचनेवर पुष्कळ होतं, यावर एक ओळ नव्हती, किंवा असली तर मी वाचली नव्हती.

याच्या उलट दुसरी वेळ धोक्याची असते, आणि ती कोणाच्या लक्षात येत नाही. मुलगा केंद्रात दोन-तीन महिने राहून येतो, नाहीतर तुरुंगातून सुटून येतो. घरात आनंद. पण शरीराची सवय मोडलेली असते. एके दिवशी मित्र भेटतात, तो पूर्वी खायचा तेवढ्याच गोळ्या खातो, पूर्वी प्यायचा तेवढंच ते औषध पितो. पूर्वी पचायचं, आता पचत नाही. केंद्रातून आल्यावरचे पहिले काही आठवडे त्याच्या आसपास कोणीतरी असायला हवं. त्याला तोंडावर सांगा, ‘घसरलास तर लपवू नकोस, एकटा खाऊ नकोस, मला हाक मार.’ हे ऐकून काही जणींना वाटेल मी खायची परवानगी देतेय. वाटू दे.

केंद्र निवडताना ते नोंदणीकृत आहे का विचारा. साखळीने बांधणं कायद्याने बंद आहे, ‘शिस्त लागते’ असं कोणी म्हटलं तरी. माहितीसाठी १४४४६ हा सरकारचा मोफत फोन आहे. पुण्याचं मुक्तांगण १९८६ मध्ये डॉ. अनिता अवचटांनी उभं केलं, गर्दचा धुमाकूळ होता तेव्हा. व्यसनी माणसाच्या बायकोशी आणि आईशीही बोलायला हवं, हे आम्ही तिथून शिकलो.

एक इलाज मात्र कोणी सुचवला तर तोंडावर नाही म्हणा. ‘लग्न करून द्या, सुधारेल.’ मागची दहा वर्षं मी त्या सुधारलेल्यांच्या बायकांना भेटतेय. रात्री श्वास मोजत जागायचं काम आईकडून तिच्याकडे जातं, एवढाच फरक. तिला तर कोणी आधी सांगितलेलंही नसतं.

‘पोरांनाच दोष देता, येतं कुठून ते बोला,’ असं मघाशी कोणीतरी म्हणालं. बरोबर आहे. डिसेंबर २०१३ मध्ये आपल्या जळगावच्या औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यातून महसूल गुप्तचर खात्याने हजार किलोच्या वर केटामाइन पकडलं होतं. ऑक्टोबर २०२३ मध्ये नाशिकजवळच्या शिंदे गावात मुंबईच्या पोलिसांनी एम.डी.चा कारखाना पकडला, भुसावळहून रेल्वेने चार तासांवर. या गोष्टी शेतात पिकत नाहीत. शेडमध्ये बनतात, रसायनं जाणणारी माणसं बनवतात. तिथे आपला हात पोचत नाही, पण गल्लीतल्या औषधाच्या दुकानापर्यंत पोचतो. अल्प्राझोलम, कोडीन, ट्रामाडॉल ही औषधं ‘एच-१’ यादीत आहेत. चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत आणि विकल्यावर रुग्णाचं, डॉक्टरचं नाव वेगळ्या वहीत लिहून ती तीन वर्षं ठेवावी लागते. हा नियम मार्च २०१४ पासून आहे. वही तपासायचा अधिकार आपल्याला नाही, औषध निरीक्षकाला आहे. पण त्यांनी ती केव्हा तपासली हे लेखी विचारायचा अधिकार आपल्याला आहे. पाचजणींच्या सह्यांचा अर्ज अन्न व औषध प्रशासनाच्या कार्यालयात द्यायचा आणि पोच घ्यायची. एकटीने जाऊ नका, दुकानदार ओळखीचा असतो.

मला बोलायचं होतं ते झालं. चहा येतोय तोवर चिठ्ठ्या जमा करूया. नाव लिहू नका. मागच्या एका गावी एकीने चिठ्ठीत एवढंच लिहिलं होतं: ‘माझा मुलगा आत्ता घरी झोपला आहे.’ आम्ही बैठक तिथेच थांबवली आणि चौघीजणी उठून तिच्याबरोबर गेलो. तो नुसताच झोपला होता. तेव्हा अशी चिठ्ठी लिहायला लाजू नका, चहा नंतर पिऊ.