आधी उत्तर, मग शुभेच्छा

गुरुवारची हक्काची सुट्टी मोडून भोसरीत जमलेल्या लघुउद्योजक बंधू-भगिनींनो,

अध्यक्षपद दिलंत, आभारी आहे. कच्च्या मालाचे भाव, विजेचा लपंडाव, मोठ्या कंपन्यांकडे अडकलेली बिलं हे सगळं अहवालात छापलंय, घरी नेऊन वाचा. समाजमाध्यमांचा विषय पत्रिकेत पार शेवटी टाकलाय. मी आज तेवढ्यावरच बोलणार, कारण तो कित्येक वर्षं घशाशी अडकलाय.

आपल्या कारखान्यांची फेसबुक पानं उघडून बघा. संक्रांत, शिवजयंती, पाडवा, आषाढी, दसरा. कोपऱ्यात लोगो, वर मालकांचा फोटो. चौकातला फ्लेक्स मोबाइलमध्ये आला, एवढंच. त्यासाठी एजन्सीला दरमहा पैसे मोजायचे आणि लाइक मोजत बसायचं! आपण कोणता पार्ट बनवतो, किती टॉलरन्समध्ये, किती दिवसांत देतो, याचा त्यात पत्ता नाही. चौकशी आली तर ती वाचायलाही कोणी नाही.

सकाळी एक मित्र म्हणाले, तक्रारीची कॉमेंट ताबडतोब पुसावी, नाहीतर नाव खराब होतं. ऐका. माझ्या व्हीएमसी मशीनचा स्पिंडल जाम झाला. माल चाकणला जायचा होता. तिथली लाइन थांबली की डेबिट नोट कोणाच्या नावावर फाटते, हे इथे कोणाला सांगायला नको. मशीन बनवणारी कंपनी, नाव घेत नाही, फोन उचलेना. शेवटी त्यांच्या पानावर चार ओळी लिहिल्या, अगदी सभ्य भाषेत. पुसल्या. दुसऱ्या दिवशी तिथेच गणेशोत्सवाच्या शुभेच्छा! पुढचं मशीन मी त्यांच्याकडून घेतलं नाही. शिवाय आमच्या गाळ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर हा किस्सा अजून निघतो, आणि तिथलं त्यांना काही पुसता येत नाही.

दुसरे म्हणाले, मुंबई पोलिसांसारखे विनोद टाका. ते डिसेंबर २०१५ मध्ये ट्विटरवर आले, त्यांचे विनोद गाजले, कबूल. पण कोणी अडचण कळवली की ते ठिकाण विचारतात, संपर्क मागतात, ते तुम्ही पाहिलंच नाही. लांब कशाला, आपल्या महापालिकेने २०१३ मध्ये 'सारथी' हेल्पलाइन सुरू केली. नागरिकाने तक्रार सांगायची, ती नोंदवून घ्यायची, संबंधित खात्याकडे पाठवायची. विनोद एकही नव्हता, तरी लोकांनी नंबर पाठ केला.

'आता सगळं व्हॉट्सॲपवरच' म्हणणाऱ्यांना ४ ऑक्टोबर २०२१ ची रात्र आठवते का? फेसबुक, इन्स्टाग्राम, व्हॉट्सॲप, तिन्ही सहाएक तास ठप्प. शेजारच्या गाळ्यातला टेम्पो माल भरून उभा, आणि कोणत्या गेटवर जायचं ते त्या बंद पडलेल्या ग्रुपवर! नंबर वहीतही लिहावेत, बाबांनो.

माझं म्हणणं सरळ आहे. पान एजन्सीच्या पोराकडून काढा आणि डिस्पॅच बघणाऱ्याकडे द्या. त्याला झोकदार इंग्रजी येत नाही? नसू दे. माल कधी निघणार, हे त्याला माहीत असतं आणि ग्राहकाला तेवढंच हवं असतं.

संघटनेने यावर एखादी समिती नेमावी, मराठीत छोटं टिपण काढावं, जमल्यास प्रशिक्षणही घ्यावं. तपशील कार्यकारिणी बघेल. तोवर सचिवसाहेब, आपल्या संघटनेच्या पानावर सभासदांचे प्रश्न दिवाळीपासून पडून आहेत. जेवायला बसण्याआधी तेवढे उरकून घ्या.