दुखवट्याच्या घरात आपलं काम



आज मी एका चर्चबद्दल बोलणार आहे. मी बौद्ध आहे, त्यामुळे धर्मप्रचाराचा प्रश्नच नाही. आपली माणसं मारली गेल्यावर उरलेल्यांना कसं सांभाळायचं, एवढंच मला त्या चर्चच्या निमित्ताने बोलायचं आहे.

अमेरिकेतल्या चार्ल्सटन शहरात काळ्या लोकांचं इमॅन्युएल चर्च आहे. ते ज्या पंथाचं आहे, त्याचा जन्म अपमानातून झाला. अठराव्या शतकाच्या अखेरीस फिलाडेल्फियात गोऱ्यांच्या चर्चमध्ये गुडघे टेकून प्रार्थना करणाऱ्या काळ्यांना ओढून उठवलं गेलं. रिचर्ड ॲलन आणि त्यांचे सोबती तिथून बाहेर पडले आणि 1816 मध्ये स्वतंत्र पंथ उभा राहिला. देवाच्या दारातली ही शिवाशिव आपल्याला कुणी समजावून सांगायला नको. पुढे 1822 मध्ये चार्ल्सटनला गुलामांच्या उठावाचा कट उघड झाल्याचं सांगून डेन्मार्क व्हेसी यांना फाशी दिली आणि चर्च नष्ट केलं. 1834 मध्ये काळ्यांच्या चर्चवर शहरात बंदी आली. लोक चोरून जमत राहिले.

17 जून 2015, बुधवारची संध्याकाळ. चर्चमध्ये बायबलचा अभ्यासवर्ग चालू होता. एक अनोळखी गोरा तरुण आला, त्याला शेजारी बसवून घेतलं. जवळपास तासभर तो बसला आणि मग त्याने गोळ्या झाडल्या. नऊ जण गेले. सर्वांत धाकटा 26 वर्षांचा, सर्वांत ज्येष्ठ बाई 87 वर्षांच्या. त्यांत पाद्री क्लेमेंटा पिंकनीही होते.

दोन दिवसांनी जामिनाच्या सुनावणीत कुटुंबीयांना बोलू दिलं गेलं. काहींनी आरोपीला क्षमा केली. जगाने ती क्षमा डोक्यावर घेतली. पण सगळ्यांनी क्षमा केली नव्हती आणि त्यांचं दुःख कमी पवित्र नव्हतं. क्षमा ही ज्याचं माणूस गेलं त्याची मिळकत आहे. ती दुसऱ्याने मागायची नसते.

आपल्याकडे काय होतं? अत्याचार झाला की चार शहाणी माणसं दारात येतात. “झालं गेलं विसरा, गावात राहायचंय ना?” याला ते शांतता म्हणतात. मी याला दुसरा अत्याचार म्हणतो.

चर्चने मात्र एक गोष्ट केली. रविवारी दार उघडलं, प्रार्थना झाली. पुढच्या बुधवारी अभ्यासवर्गही पुन्हा भरला. जिथे माणसं मारली, ती जागा लोकांनी सोडली नाही. भेदरलेल्या माणसाला यापेक्षा मोठा आधार कुठला? तरीही पुढे काही कुटुंबांनी तक्रार केली, की चर्चने आमची पुरेशी विचारपूस केली नाही. ही तक्रारही ऐकून ठेवा. कॅमेरे निघून गेल्यावर कोण येतं, यावर सांत्वनाची परीक्षा होते.

आणि सांत्वन न्यायाच्या आड आलं नाही. मारेकऱ्याला बंदूक विकत घेऊ देणाऱ्या सरकारी तपासणीतल्या चुकीबद्दल कुटुंबं कोर्टात गेली. 2021 मध्ये अमेरिकी सरकारने 8.8 कोटी डॉलर देण्याचं मान्य केलं.

आता तुमच्याकडे येतो. तुम्ही घरातले पहिले पदवीधर. वस्तीत दुखवटा झाला की बाया कडू घास घेऊन जातात, विहारात त्रिशरण-पंचशील होतं. हे सांत्वन आपल्याकडे आहेच. त्यात तुमची भर वेगळी आहे. त्या घरात आलेला सरकारी कागद वाचता येणारे कदाचित तुम्ही एकटेच असाल. ॲट्रॉसिटी कायद्यात 2016 पासून कलम 15अ लागू आहे. आरोपीच्या जामिनासह कोर्टातल्या कामकाजाची सूचना पीडिताला वेळेवर मिळाली पाहिजे. जामिनाच्या वेळी त्याचं म्हणणं ऐकून घेतलं पाहिजे. चार्ल्सटनच्या कुटुंबांना त्या दिवशी जे बोलू दिलं, तो आपल्याकडे कायद्याने दिलेला हक्क आहे. तो किती घरांना माहीत आहे?

म्हणून दुखवट्याला जाल तेव्हा आधी गप्प बसा. रडणाऱ्याला रडू द्या. क्षमा कर असं सांगू नका, सूड घे असंही सांगू नका. तेराव्या दिवसानंतरही जा. आणि त्या घरातली कागदांची पिशवी मागून घ्या, एकेक कागद मोठ्याने वाचून दाखवा.

जय भीम.