पाठीवरचे ओझे



सेवानिवृत्तीनंतर वर्षभरातच घरचा जिना चढताना आम्हांस धाप लागू लागली. म्हणून पाठपिशवीत जुनी पुस्तके भरून आम्ही पर्वती चढावयाचे ठरविले. पहिल्याच दिवशी उत्साहाच्या भरात दहा किलो भार घेतला. परिणामी आठ दिवस गुडघा शेकीत बसावे लागले. जन्मभर शिकविले, पण पहिलीच्या मुलास मॅट्रिकचे गणित घालू नये, हे आम्हीच विसरलो!

रोमन सैन्यातील तरुणांस ६० रोमन पौंडांपर्यंत, म्हणजे सुमारे २० किलो, ओझे घेऊन चालण्याचा सराव वारंवार द्यावा, असे व्हेजेशियसने लिहिले आहे. तेही तरुणांस, आणि सरावाने! आम्ही मग दोन किलोंपासून आरंभ केला. दर पंधरवड्यास अर्धा किलो वाढविला. प्रथम सपाट रस्ता, मागाहून चढ. पिशवी पाठीस घट्ट असावी, कंबर ताठ असावी, धावू नये. हृदयविकार वा सांधेदुखी असणारांनी आधी डॉक्टरांस विचारावे.

तीन महिन्यांनी पाच किलो भार घेऊन आम्ही न थांबता पर्वती चढलो. उतारवयात मुलांच्या खांद्यांवर भार होण्यापेक्षा आपल्याच खांद्यांवर थोडा भार घेतलेला बरा, एवढेच सांगून आपली रजा घेतो.