झाडावरचं झाड : अंजावची लिपस्टिक वनस्पती



झाडाच्या फांदीवर दुसरं झाड दिसलं, की आपण मराठी माणसं लगेच म्हणतो, "बांडगूळ आहे!" आज मी ज्या वनस्पतीबद्दल बोलणार आहे, ती झाडावरच राहते, पण बांडगूळ नव्हे. बांडगूळ आंब्याच्या फांदीत मुळं खुपसून रस ओढतं. ही वनस्पती झाडाकडून फक्त जागा घेते. पाणी मिळतं पाऊस-धुक्याचं आणि खत मिळतं सालीवर कुजलेल्या पाचोळ्याचं. अशा वनस्पतींना अपिवनस्पती म्हणतात.

हिचं शास्त्रीय नाव एस्किनँथस मॉनेटारिया. राहणार अरुणाचल प्रदेशाच्या अंजाव जिल्ह्यात. वालाँगची १९६२ ची लढाई झाली, तो हा मुलूख. नोकरीतली काही वर्षं मी त्या लोहित खोऱ्यात काढली आहेत. तिथल्या सदाहरित जंगलात झाडाचं खोड कोरडं म्हणून दिसत नाही. शेवाळानं मढलेलंच असतं.

आता ओळख पटवू. पानं समोरासमोर, गोल आणि मांसल. वरून हिरवी, खालून जांभळट. नाण्यासारखी पानं, म्हणून नाव मॉनेटारिया. अशी गोल, जाड पानं या प्रजातीतल्या इतर भारतीय बहिणींना नाहीत. मांसलपणा उगाच नाही: खाली जमीन नाही, मग पाणी साठवायचं कुठे? पानात. या कुळातली फुलं नळीसारखी. पेल्यातून लाल नळी डोकावते, म्हणून लिपस्टिक हे नाव. अशा लाल नळ्यांवर शिंजीर पक्षी मध प्यायला येतात. बिया बारीक, केसाळ. वाऱ्यावर उडून दुसऱ्या खोडाला चिकटतात. ऑक्टोबर ते जानेवारी हा हिचा फुला-फळांचा काळ.

१९११-१२ च्या ब्रिटिशांच्या अबोर मोहिमेबरोबर आयझॅक बर्किल नावाचे वनस्पतिशास्त्रज्ञ गेले होते. त्यांनी अरुणाचलात जमवलेल्या नमुन्यावरून स्टीफन डन यांनी हिचं नाव ठेवलं. मग शंभरहून अधिक वर्षं ती आपल्याकडे कुणाला सापडली नाही. डिसेंबर २०२१ मध्ये भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या संशोधकांना ह्युलियांग आणि चिप्रू भागात ती पुन्हा मिळाली, ५४३ ते १,१३४ मीटर उंचीवर. त्यांनी तिला संकटग्रस्त मानलं. कारणं दिली ती दरडी, रस्ता-रुंदीकरण आणि झूम शेती.

रस्त्याचं नाव निघालं की मी सैनिक म्हणून बोलतो. १९६२ साली वालाँगपर्यंत गाडीरस्ता नव्हता, रसद विमानानं यायची. त्याची किंमत जवानांनी मोजली. सीमेवर रस्ता हवाच, त्यावर माझी तडजोड नाही.

पण रस्त्याची आखणी करताना आपण जमीन मोजतो, खडक तपासतो; मान वर करून खोड पाहत नाही. एक मोठा वृक्ष पडतो, तेव्हा त्याच्या अंगावरची अख्खी वसाहत पडते. फौजेत रेकीशिवाय पाऊल टाकत नाहीत. तशीच रेकी या खोडांचीही व्हावी, फुलांच्या हंगामात, म्हणजे ओळख चुकणार नाही. या प्रजातीतल्या वनस्पतींच्या फांद्यांना पेरांवर मुळं फुटतात. म्हणजे तोडायच्या झाडावरची फांदी आधी उतरवून शेजारच्या शेवाळलेल्या खोडावर बांधून पाहता येईल. काम थोड्या दिवसांचं आहे, रस्ता त्यानं अडत नाही.

तुमच्या गावाजवळच्या जंगलात गेलात, तरी एवढं करा: वर पाहा, आणि बांडगूळ म्हणण्याआधी मुळं कुठे आहेत ते तपासा.

जय हिंद.