जुन्या स्लाइड्स आणि नवा कॅमेरा

(संस्थेच्या वार्षिक मेळाव्यात पालक व विद्यार्थी यांच्यासमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



आज मला दिलेला विषय थोडा कारागिरीचा आहे. घरात आणि शाळांच्या कपाटांत पडून असलेल्या जुन्या स्लाइड्स संगणकात कशा उतरवाव्यात, त्यासाठी कॅमेरा आणि लेन्स कोणती घ्यावी, आणि त्याच सामानावर मॅक्रो छायाचित्रण, म्हणजे लहान वस्तू जवळून मोठी टिपणे, कसे साधावे, हा तो विषय. विद्यार्थ्यांना तो हौसेचा वाटेल. पालकांना तो खर्चाचा वाटतो, आणि तो आहेच. म्हणून मी आधी खर्चाच्या बाजूने बोलणार आहे.

पण स्लाइड म्हणजे काय हे आजच्या मुलांना सांगितलेच पाहिजे. पुठ्ठ्याच्या किंवा प्लास्टिकच्या पाच सेंटिमीटर चौरस चौकटीत बसवलेला फिल्मचा एक तुकडा. चित्राचा आकार फक्त २४ बाय ३६ मिलिमीटर. उजेडासमोर धरला की त्यात रंगीत चित्र दिसते, आणि प्रोजेक्टरमधून टाकले की भिंतभर होते. भूगोलाच्या आणि विज्ञानाच्या तासाला शाळांतून असे संच दाखवीत. आखाती देशांत नोकरीला गेलेल्या मंडळींनी, हौशी डॉक्टर-प्राध्यापकांनी, लग्नाकार्याच्या निमित्ताने कोणी चाचा-मामूंनी काढलेल्या स्लाइड्स आजही घराघरांत बिस्किटांच्या डब्यात आहेत. प्रोजेक्टरचा दिवा गेला, नवा मिळाला नाही, आणि डबा माळ्यावर गेला, अशी बहुतेक घरांची कथा आहे. कोडॅकने स्लाइड प्रोजेक्टर करणे २००४ साली थांबवले, कोडाक्रोम ही प्रसिद्ध फिल्म २००९ साली बंद केली. म्हणजे मागे जाण्याची वाट आता नाही.

माळा ही स्लाइडची सर्वांत वाईट जागा. उन्हाळ्यात पत्र्याखालची उष्णता रंग उडवते, पावसाळ्यातील दमट हवेत बुरशी धरते. फिल्मवर जिलेटिनचा थर असतो, बुरशीला तो खाद्यच. कोडाक्रोम अंधारात ठेवली तर पन्नास वर्षांनंतरही रंग टिकवून असते. पूर्व जर्मनीच्या ऑर्वो फिल्मच्या स्लाइड्स मात्र पुष्कळदा लालसर पडलेल्या आढळतात. आणि त्याहून मोठी हानी निराळीच आहे. चित्रातील माणसे ओळखणारी माणसे कमी होत चालली आहेत. दादीजान आज सांगू शकतील की डावीकडून तिसरे कोण आणि मागची विहीर कुठल्या वाड्यातली. दहा वर्षांनी चित्र असेल, पण ते कोणाचे हे सांगायला कोणी नसेल.

असो. आता सामानाकडे येऊ.

नाशिकमध्ये उभे राहून कॅमेऱ्याच्या खरेदीविषयी बोलायचे तर दादासाहेब फाळके यांचे नाव घ्यावेच लागते. त्यांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी आपल्या त्र्यंबकेश्वरला झाला आणि १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिकलाच त्यांचे निधन झाले. १९१२ साली ते यंत्रसामग्री घेण्यासाठी लंडनला गेले. खिशात पैसा कर्जाचा. दुकानात शिरण्याआधी ते 'बायोस्कोप' साप्ताहिकाचे संपादक कॅबोर्न यांना भेटले, कोणता कॅमेरा घ्यावा हे विचारले, हेपवर्थ यांचा स्टुडिओ पाहिला आणि मग विल्यमसन बनावटीचा कॅमेरा घेतला. परत आल्यावर त्यांनी सर्वांत आधी काय टिपले? कुंडीतील एका वाटाण्याचे रोप. थोडे थोडे चित्रण करीत त्यांनी अंकुराची वाढ पडद्यावर काही क्षणांत दाखवली, आणि ते पाहूनच त्यांना पुढील भांडवल मिळाले. लहान वस्तू आणि धीर, एवढ्यावर त्यांनी सुरुवात केली. पालकांनी यातून एक व्यावहारिक गोष्ट उचलावी. विकणाऱ्याला विचारू नये, वापरणाऱ्याला विचारावे.

आता वापरणारा म्हणून मी सांगतो. पहिली गोष्ट, नवा कॅमेरा घेऊ नका. घरात, नात्यात, शेजारी दहा-बारा वर्षांपूर्वीचा एखादा डीएसएलआर पडलेला असतोच. स्लाइडसाठी तो पुरतो. २४ मेगापिक्सेलचा कॅमेरा लांबीकडून ६००० बिंदू देतो. ३६ मिलिमीटरची स्लाइड त्या लांबीत बसवली की इंचाला सुमारे ४२०० बिंदू होतात. जुन्या हौशी स्लाइडमध्ये यापेक्षा अधिक तपशील सहसा नसतोच. १६ मेगापिक्सेलनेही घरचे काम उत्तम होते. कागदपत्रांसाठीच्या चपट्या स्कॅनरच्या खोक्यावर मोठमोठे आकडे छापलेले असतात, प्रत्यक्षात तेवढा तपशील ते देत नाहीत. फिल्मचे खास स्कॅनर चांगले, पण संथ. निकॉनचे कूलस्कॅन तर आता तयारच होत नाहीत, जुने मिळाले तरी दुरुस्तीला माणूस शोधावा लागतो.

पैसा घालायचा तो लेन्समध्ये. येथे एका शब्दाने पुष्कळांची फसगत होते, तो शब्द 'मॅक्रो'. साध्या झूम लेन्सवरही तो छापलेला असतो. त्याकडे न पाहता कमाल प्रमाण किती, हे विचारा. एकास एक, म्हणजे वस्तू जेवढी तेवढीच प्रतिमा सेन्सरवर पडते, ती खरी मॅक्रो. पण तुम्हाला किती प्रमाण लागेल हे तुमच्या कॅमेऱ्याच्या सेन्सरवर ठरते, आणि हा हिशेब सातवीतल्या मुलालाही येईल. फुल फ्रेम सेन्सर ३६ मिलिमीटरचा, स्लाइडही तेवढीच, म्हणून एकास एक लागते. आपल्याकडे सर्रास असणारे एपीएस-सी कॅमेरे साडेतेवीस मिलिमीटरचे. साडेतेवीस भागिले छत्तीस, म्हणजे ०.६५ पुरे. मायक्रो फोर थर्ड्सचा सेन्सर सतरा मिलिमीटरच्या आसपास, तेथे अर्धे प्रमाण पुरते. म्हणजे लहान सेन्सरवाल्याला या कामात कमी खर्च येतो. दुकानात हे कोणी सांगत नाही.

ज्यांच्याकडे ५० मिलिमीटरची साधी लेन्स आहे त्यांनी मधल्या पोकळ रिंगा घ्याव्यात. लेन्स पुढे सरकली की प्रमाण वाढते. जितके मिलिमीटर पुढे सरकली त्याला लेन्सच्या फोकल लांबीने भागा. बारा आणि वीसची रिंग जोडून बत्तीस झाले, भागिले पन्नास, ०.६४. एपीएस-सीवर स्लाइड जवळजवळ बरोबर भरते. यात कडा थोड्या मऊ येतात, कारण साधी लेन्स सपाट वस्तूसाठी केलेली नसते. कडांपर्यंत धारदार हवे असेल तर जुनी मॅक्रो लेन्स शोधा. निकॉनची ५५ मिलिमीटरची मायक्रो-निक्कॉर हाताने फोकस करायची, पण या कामाला अप्रतिम. ती स्वतः अर्ध्या प्रमाणापर्यंत जाते, सोबतच्या रिंगेने एकास एक होते. स्लाइड काही पळून जात नाही, तेव्हा ऑटोफोकससाठी जादा पैसे देण्याचे कारण नाही. मुंबईला फोर्टमध्ये बोरा बाजारात जुने सामान मिळते. आपला कॅमेरा सोबत न्यावा, लेन्स लावून पाहावी, काचेतून टॉर्च टाकून आत जाळ्यासारखी बुरशी नाही ना, हे बघावे.

आणखी एक सुचवतो. तुमच्या गल्लीतल्या जुन्या फोटो स्टुडिओत डार्करूमचा एन्लार्जर धूळ खात असेल, तर तो मागून घ्या. त्याचे डोके काढून खांबावर कॅमेरा खाली तोंड करून बसवला की सुरेख, न हलणारा स्टँड तयार होतो. तिपाईपेक्षा हा कितीतरी बरा.

उजेडासाठी चांगला एलईडी पॅनेल घ्या, रंग खरे दाखवणारा, म्हणजे सीआरआय ९५ किंवा वर. मोबाईलच्या पडद्यावर स्लाइड ठेवली तर पडद्याचे ठिपके चित्रात उतरतात. मध्ये दुधी अ‍ॅक्रिलिक ठेवून स्लाइड तीन-चार सेंटिमीटर वर उचलावी. स्लाइडच्या भोवतालचा उजेड काळ्या कागदाने झाका आणि खोलीतले दिवे बंद करा, नाहीतर चित्रावर धुरकट पडदा येतो. विजेरी शटर ठेवल्यास काही एलईडींमुळे पट्टे उमटतात. तसे झाले तर यांत्रिक शटर वापरा.

आता सर्वांत नाजूक भाग. एकास एक प्रमाणात एफ ८ वर स्पष्ट दिसणारी खोली जेमतेम एक मिलिमीटर असते. कॅमेरा तिरका राहिला की एक कोपरा अंधुक झालाच. यावर स्वस्त तोड अशी, की स्लाइडच्या जागी छोटा सपाट आरसा ठेवा. कॅमेऱ्यातून पाहिल्यावर लेन्सला स्वतःचेच प्रतिबिंब बरोबर मध्यभागी दिसले पाहिजे. एवढे जुळवण्यात पहिल्या दिवशी तासभर जाईल, तो जाऊ द्या. छिद्र एफ ५.६ ते ८ ठेवा. अधिक लहान केल्यास चित्र उलट मऊ होते, कारण जवळच्या प्रमाणात एफ ८ हे एफ १६ सारखे वागते. आयएसओ १००, दोन सेकंदांचा टायमर, आणि चित्र रॉ मध्ये. चकचकीत बाजू कॅमेऱ्याकडे ठेवली की चित्र सुलट येते. पाटीवरची अक्षरे वाचून खात्री करा.

धूळ रबरी फुग्याने उडवा. तोंडाने फुंकू नका, थुंकी उडते. पदराने, रुमालाने पुसू नका. बुरशी असेल तर पाणी अजिबात नको, बुरशीने पोखरलेले जिलेटिन पाण्यात सुटते आणि त्यासोबत चित्रही जाते. ती स्लाइड आहे तशी टिपून ठेवा, डाग संगणकावर काढता येतील.

आता मॅक्रोकडे. आपल्या नाशिकला या कामाची वाण नाही. द्राक्षबागायतदाराच्या मुलाने पानामागचा केवडा, मिलीबग, कांद्याच्या पातीतले थ्रिप्स स्वच्छ टिपले तर तो फोटो कृषी सल्लागाराला पाठवता येतो, शंभर शब्दांच्या वर्णनापेक्षा लवकर निदान होते. मात्र कीटकाची गरज स्लाइडच्या उलट असते. स्लाइडला ५०-६० मिलिमीटरची लेन्स सोयीची, स्टँड आखूड पुरतो. पण तीच लेन्स एकास एकला नेली तर वस्तू काचेपासून पाच-सहा सेंटिमीटरवर येते आणि किडा उडून जातो. ९० ते १०० मिलिमीटरची लेन्स दुपटीहून अधिक अंतर देते. म्हणून दोन्ही कामे करायची असतील त्यांनी ९०-१०० ची एकच लेन्स घ्यावी आणि स्टँडचा खांब उंच ठेवावा. ज्यांना फक्त घरच्या स्लाइड्स उतरवायच्या आहेत त्यांनी लहान लेन्सवर भागवावे. बागेत वाऱ्याने पान हलते, तेव्हा फ्लॅश आणि त्यापुढे पांढऱ्या कागदाचा पडदा हवा.

नाण्यांचे तर विचारूच नका. अंजनेरीला नाणकशास्त्राची संशोधन संस्था आहे, मुलांना तेथे एकदा जरूर न्यावे. १९०६ साली नाशिकजवळ जोगळटेंभी येथे नहपान क्षत्रपाच्या चांदीच्या तेरा हजारांहून अधिक नाण्यांचा साठा सापडला. त्यांतील नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपली चिन्हे पुन्हा ठोकली होती. जिंकलेल्या राजाचा चेहरा आणि त्यावर जिंकणाऱ्याची टेकडी, दोन्ही एका दीड सेंटिमीटरच्या नाण्यावर. समोरून उजेड टाकला तर हे सारे सपाट दिसते. दिवा बाजूला, जवळजवळ टेबलाच्या पातळीवर आणा, खालचा चेहरा वर येतो. याचा सराव घरी जुन्या पैशांवर, पावल्यांवर करता येईल, खर्च शून्य.

पालकांना एवढेच सांगतो, की हप्त्याने कॅमेरा घेऊ नये. चार कुटुंबांनी मिळून एक लेन्स, एक पॅनेल, एक स्टँड घ्यावा. मांडणी एकदा बसली की दोन मुले तासाभरात शंभर स्लाइड्स सहज टिपतात. एक स्लाइड ठेवील, दुसरा बटण दाबील. आणि मुलींना या कामात मागे ठेवू नका. घरातल्या वडीलधाऱ्यांजवळ बसून नावे लिहून घेणे त्यांनाच अधिक साधते, असा माझा अनुभव आहे.

घरातील स्त्रियांची, गेलेल्या माणसांची चित्रे असतील तर ती विचारल्याखेरीज व्हॉट्सअ‍ॅपवर पुढे पाठवू नयेत. आधी घरात दाखवा, ज्यांची आहेत त्यांची इजाजत घ्या. फाइलच्या नावात साल, गाव आणि माणसांची नावे घाला. साल नक्की नसेल तर 'सुमारे' लिहा, अंदाजाने पक्के साल ठोकू नका. प्रती तीन ठेवा, दोन निरनिराळ्या डिस्कवर आणि एक दुसऱ्या घरी.

आणि मूळ स्लाइड्स टाकून देऊ नका. पीव्हीसीचे पाकीट टाळून पॉलिप्रॉपिलीनच्या पाकिटात घाला, सोबत सिलिका जेलची पुडी ठेवा आणि डबा माळ्यावर न टाकता खोलीतल्या कपाटात, मधल्या फळीवर ठेवा. पुडी पावसाळ्यापूर्वी दरवर्षी बदलावी.