चुकांचा माग



जेफ्री चॉसर 1400 साली वारला. त्याच्या ‘कँटरबरी टेल्स’चं त्याच्या हातचं एक पानही आज शिल्लक नाही. उरल्या त्या नकला, तुकडेताकडे धरून ऐंशीच्या वर, आणि एकीचा मेळ दुसरीशी नाही. मग चॉसरनं मुळात लिहिलं होतं तरी काय? शिकागो विद्यापीठातले जॉन मॅन्ली आणि ईडिथ रिकर्ट या दोन प्राध्यापकांनी 1924च्या सुमारास हा प्रश्न अंगावर घेतला, आणि उरलेली हयात त्यातच घालवली.

दोघांची पूर्वतयारी मोठी गमतीची. पहिल्या महायुद्धात ते अमेरिकी लष्कराच्या गुप्तलिपी विभागात होते. लोथार विट्झके या जर्मन हेराजवळ सापडलेला सांकेतिक मजकूर 1918 साली त्यांनीच उलगडला. फाशीच्या शिक्षेपर्यंत नेणारं वाचन ते! त्यामानानं चॉसर सोपा, असं वाटलं असेल बिचाऱ्यांना.

काम चाले ते असं. स्कीट यांनी संपादित केलेली चॉसरची छापील आवृत्ती आधाराला धरायची, दर ओळीला एक कार्ड करायचं, आणि कोणत्या हस्तलिखितात ती ओळ कुठे वेगळी पडते ते त्यावर टिपायचं. ओळी सतरा हजारांच्या घरात. पोथ्याही कुठे कुठे विखुरलेल्या : एक वेल्समध्ये ॲबरिस्टविथला, तर एक थेट कॅलिफोर्नियात. म्हणून फोटो मागवायचे आणि डोळे फोडायचे.

शोध होता तो मुख्यतः चुकांचा. दोन मुलांचं उत्तर बरोबर आलं तर मास्तर गप्प बसतात. पण एकच विचित्र चूक दोन पेपरांत निघाली, की कॉपी पकडली जाते. नकलांची वंशावळ, म्हणजे कोणती कोणत्या प्रतीवरून उतरली ते, याच न्यायानं जुळवायची आणि तिच्या आधारे चॉसरच्या मूळ शब्दांपर्यंत पोचायचं. पण लेखनिकही बिलंदर! अर्धा ग्रंथ एका प्रतीवरून उतरवायचा, उरलेला दुसरीवरून. शिवाय दोन लेखनिक स्वतंत्रपणे तीच चूक करू शकतात, ते वेगळंच.

रिकर्टबाई 1938 साली गेल्या. त्यांच्या आवृत्तीचे आठ खंड 1940 साली निघाले आणि त्याच वर्षी मॅन्लीही गेले. पुढे अभ्यासक जॉर्ज केन यांनी या दोघांच्या पद्धतीची चिरफाड केली. ती बरीचशी रास्तच आहे. मला मात्र वंशावळीपेक्षा पहिला खंड मोलाचा वाटतो. प्रत्येक पोथीची शाई, शिवण, कोणाकोणाच्या घरी ती नांदली, हे सगळं त्यात आहे. ते वापरायला आधी वंशावळ मान्य करावी लागत नाही.